तुम्ही विचारलंत म्हणून: बॉनेट उघडून पाणी मारायचं का?

दरवर्षी पाऊस ओसरला आणि दसरा आठ-दहा दिवसांवर आला की कोणी ना कोणी हेच विचारतं, दादा, पूजेला गाडी बाहेरून धुतो तशी बॉनेट उघडून आतूनपण धुतली तर चालेल का, नळाचा पाइप मारला तर काय होईल. यंदा चौघांनी विचारलं म्हणून एकदाच नीट लिहितो. धुऊ नका, पुसा. यातला फरक मला कुंभार्ली घाटात कळला.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. चिपळूणहून आईला घेऊन कराडला जायचं होतं म्हणून आदल्या दिवशी गाडी एका वॉशिंग सेंटरला दिली आणि मीच सांगितलं की आतूनपण मारा. त्यांनी प्रेशरच्या गनने सगळं लख्ख केलं, मीपण खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी पोफळी सोडून घाट चढायला लागलो तर गाडी थरथरायला लागली, सेकंडमध्येसुद्धा ओढेना, मीटरमधला चेक इंजिनचा लाइट नुसता लागला नव्हता तर उघडझाप करत होता, मागे एसटी हॉर्न देतेय आणि आई शेजारी सीट घट्ट धरून बसलेली. कशीबशी कडेला घेतली. खालून मिस्त्री आला, त्याने एकेक इग्निशन कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, उपसली. दोन कोरड्या निघाल्या. तिसरीच्या रबराला लाल चिखल, आणि खाली ज्या खड्ड्यात स्पार्क प्लग बसतो तिथे दोन बोटं गढूळ पाणी. तीन सिलेंडरची गाडी, त्यातला एक बंद पडल्यावर चढण कशी चढणार! त्याने आधी प्लगला हात लावला नाही. स्क्रूड्रायव्हरला चिंधी गुंडाळून पाणी टिपलं, मग पंपाने हवा मारली, आणि खड्डा कोरडा झाल्यावरच प्लग खोलला, कारण आधी खोलला असता तर तेच पाणी सिलेंडरमध्ये गेलं असतं. असा लाइट उघडझाप करत असेल तर गाडी दामटवू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, तो महागाचा पार्ट आहे.

मग लोक म्हणतात, पावसात रस्त्यावरचं पाणी उडतं तेव्हा काही होत नाही ना? नाही होत, कारण ते खालून उडतं आणि गाडी त्या हिशोबानेच बांधलेली असते. वरून जोरात येणारी धार ही वेगळी गोष्ट. घरात वापरायच्या प्रेशर वॉशरचा दाबसुद्धा १०० बारच्या आसपास असतो, आणि वायरी एकमेकींना जोडणाऱ्या कपलरमधली रबरी सीलं इंजिनच्या उष्णतेने दहा वर्षांत कडक होतात, तिथून पाणी आत शिरतंच. लगेच कळतंही नाही, आत हिरवट गंज धरतो आणि सहा महिन्यांनी कुठला तरी सेन्सर चुकीचं सांगायला लागतो.

आता मी काय करतो ते सांगतो. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, इंजिन पूर्ण गार. तापलेल्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपावर, गार पाणी पडलं तर त्याला तडा जाऊ शकतो आणि वाफेने हात भाजतो ते वेगळं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो. आधी निगेटिव्हच, कारण पॉझिटिव्ह खोलताना पाना बॉडीला टेकला तर जाळ निघतो, आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी. वायर काढायची सवय एवढ्यासाठी की काही गाड्यांचा रेडिएटर फॅन चावी बंद असतानाही फिरायला लागतो आणि आपली बोटं तिथेच असतात.

हातमोजे घालाच. पावसात उंदीर उबेला इंजिनवर येऊन बसतात, आमच्याकडे लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, भीती असतेच, त्यामुळे लेंड्या दिसल्या तर हवा मारून उडवू नका, जंतुनाशकाने ओलं करून टिश्यूने उचला. वायरी कुरतडल्यात का तेही तेव्हाच बघून घ्या. वायपरखालच्या जाळीतली कुजलेली पानं हाताने काढायची, ती पाणी जायचं भोक बुजवतात आणि मग पाणी ब्लोअरमधून पायात येतं.

उरलेली धूळ रंगाच्या दोन इंची ब्रशने झाडायची, कोरडीच. लाल मातीला आधीच पाणी लावलंत तर तिचा चिखल होऊन कोपऱ्यात बसतो. मग कार शॅम्पूचं पातळ पाणी फडक्यावर घ्यायचं, फडकं घट्ट पिळायचं आणि पुसायचं. तेलाचा थर असेल तिथे डिग्रीझर (तेल-ग्रीस काढायचं द्रावण) ब्रशवर घ्या, इंजिनवर फवारू नका, आणि सुकायच्या आत ओल्या फडक्याने काढा नाहीतर ॲल्युमिनियमवर डाग पडतात. कॉइल, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड यांच्या आसपास ओलं फडकंसुद्धा बेतानेच. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, पुसा, वर व्हॅसलीन लावा.

डिझेल किंवा रॉकेल मारून चमकवायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे, कृपा करून तुम्ही करू नका. रबरी होज आणि बेल्ट फुगतात, आणि गरम इंजिनवर ते पेटू शकतं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत जाड नारिंगी वायरी दिसल्या तर त्या बाजूला हातच लावायचा नाही, तिथे जिवावर बेतणारं व्होल्टेज असतं. सीएनजीवाल्यांनीही किटच्या पाइपांची ओढाताण करू नये.

एवढा खटाटोप कशाला, असं बायको विचारते. दोन वर्षांपूर्वी असंच पुसल्यावर आठवड्याने बॉनेट उघडलं तर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, कडेने तेलाची एक बारीक ओली रेघ चमकत होती. धुळीचा थर असता तर ती दिसलीच नसती. पॅकिंग बदललं, थोडक्यात भागलं, तेल खाली सायलेन्सरवर ठिबकायच्या आधी.

पुसून झालं की तासभर बॉनेट उघडं ठेवून ऊन द्या, आत एखादं फडकं, ब्रश राहिला नाही ना बघा, मग वायर जोडून गाडी दहा मिनिटं नुसती चालू ठेवा आणि आवाज ऐका. घड्याळ परत लावावं लागेल. आणि पूजेला बॉनेटखाली अक्षता, फुलं वाहिली असतील तर संध्याकाळी आठवणीने वेचून काढा, तांदळाच्या वासाने उंदीर त्याच रात्री येतात.