नास पुन्हा पळाला, आणि चोर घरातच निघाला

मागच्या वेळी घरच्या नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला ठरावीक पत्ता देऊन 'आता सगळे पत्ते बांधून टाकले' असं छाती ठोकून लिहिलं होतं. ते शब्द परत घेतो. रविवारी नास (फायली आणि बॅकअप ठेवणारी नेटवर्कवरची डिस्क) त्याच्या ठरलेल्या १९२.१६८.१.२० वर, थोडक्यात .२० वर, नव्हता. शोधाशोध केल्यावर १९२.१६८.१.१३७ वर सापडला. रिझर्व्हेशन (अमुक यंत्राला अमुकच पत्ता, ही नोंद) जागच्या जागी, त्यातला पोर्टाचा ओळखक्रमांक म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसही अक्षर न अक्षर जुळतोय.

नासला दोन लॅन पोर्ट आहेत, म्हणजे मॅकही दोन. केबल चुकीच्या पोर्टात गेली असेल म्हणून आधी तेच पाहिलं. नाही. मग डीएनएसमास्कचा, म्हणजे माझ्या पायवर (रास्पबेरी पाय, छोटा संगणक) पत्ते वाटणाऱ्या प्रोग्रामचा, लॉग उघडला: नासकडून डिस्कव्हर ('पत्ता कोण देतंय?') आलेलं, आमच्याकडून .२० ची ऑफर गेलेली, आणि पुढे सामसूम. 'हाच घेतो' म्हणणारी रिक्वेस्ट नाही, 'दिला' म्हणणारा अ‍ॅक नाही. अर्धा दिवस मी नासच्या फर्मवेअरला शिव्या घालत बसलो. खरं तर माझा पूल (ज्यातून बाकीच्यांना पत्ते वाटतो तो पल्ला) २०० ते २५० आहे, १३७ त्यात बसतच नाही! हे सुचायला संध्याकाळ उजाडली.

लॅपटॉपवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरचे संदेश दाखवणारं साधन) लावलं, पत्तेवाटपाचे पोर्ट ६७ आणि ६८, आणि पत्ता नव्याने मागितला. ऑफर दोन आल्या. पहिली .२ कडून, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून जुंपलेल्या जुन्या राउटरकडून. आपोआप झालेल्या अपडेटनंतर त्याचा डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, परत चालू झाला होता. बनवणाऱ्याचं नाव घेत नाही, पण बंद केलेली सेटिंग न विचारता चालू करणं हा निव्वळ आगाऊपणा आहे.

पत्ता चिकटून का राहिला, तेही कळलं. पत्ता ठरावीक मुदतीच्या लीजवर मिळतो; तिची निम्मी मुदत सरली की क्लायंट (इथे नास) ज्याने पत्ता दिला त्यालाच थेट मुदतवाढ मागतो, माझ्या पायला त्याचा पत्ताच नाही. शिवाय गेटवे (इंटरनेटकडे जायचा रस्ता) म्हणून .२ मिळालेला, त्यामुळे नासचं इंटरनेट बंद. बॅकअप घरातल्या घरात चालतात, म्हणून जाणवलं नाही. नासचं घड्याळ मागे पडलेलं दिसलं होतं, तेव्हाच शंका यायला हवी होती.

.२ चा डीएचसीपी बंद केला, नासची केबल काढून लावली. .२०! लॉगमध्ये चारही ओळी ओळीने. तो लॉग मी तीनदा वाचला.

(फोनवरची स्कॅनर अ‍ॅप्स इथे कुचकामी. कोण कुठल्या पत्त्यावर आहे ते दाखवतात, पत्ता दिला कोणी ते नाही.)

नासवरच स्टॅटिक (हाताने भरलेला, कायमचा) पत्ता टाकायचा विचार होता, तो सोडला. मग वाटलं, डीएनएसमास्कची डीएचसीपी-ऑथॉरिटेटिव्ह ही सेटिंग चालू करावी, म्हणजे परक्या सर्व्हरला उद्देशून गेलेली रिक्वेस्ट डीएनएसमास्क फेटाळेल. पण मग दोघांची भांडणं लागणार आणि घुसखोर तसाच राहणार. हे लिहिता लिहिता तिसरंच सुचलं: पायवरून रोज रात्री एक डिस्कव्हर सोडायचं आणि अनोळखी ऑफर आली की स्वतःला मेल. स्क्रिप्ट आजच लिहायला घेतो. फोनच्या खासगी मॅकचं (फोन खरा मॅक लपवतात ते) प्रकरण त्यामुळे पुढच्या खेपेला.