योकोतेच्या बर्फात इंग्रजीचा तास

जपानमध्ये २०२० पासून तिसरी-चौथीच्या मुलांना वर्षाला ३५ तास इंग्रजीची तोंडओळख करून दिली जाते, तर पाचवी-सहावीला तोच रीतसर विषय होऊन ७० तास मिळतात. तास ४५ मिनिटांचा असतो. वर्गाची सूत्रे सहसा वर्गशिक्षकाकडेच असतात. उच्चार आणि संभाषण यांसाठी परदेशी सहायक शिक्षक सोबत उभा राहतो. या कामासाठी एका खासगी कंपनीमार्फत मी आकिता प्रांतातील योकोते शहरात गेले.

निफाडच्या थंडीचे कौतुक ऐकत वाढलेल्या मला तिथला हिवाळा अगदीच निराळा वाटला. सैबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि डोंगरांना अडून या पट्ट्यात बर्फ ओततात. मुले बर्फ तुडवत शाळेत येत, दाराशी बूट बदलत आणि ओले हातमोजे रॉकेलच्या हीटरभोवतीच्या कठड्यावर वाळत घालत. वर्ग उबदार असे, पण व्हरांड्यात हीटर नसल्याने पटांगणातून किंवा व्यायामगृहातून आलेली मुले काकडलेलीच असत. अशा वेळी चित्रे दाखवून सामूहिक घोकंपट्टी सुरू केली की आवाज मफलरमध्येच विरत असे. त्यातच चारचौघांत चुकण्याचा संकोच. थंडीपेक्षा तोच जास्त आड येत होता, असे माझे मत आहे.

म्हणून वर्गशिक्षिकांशी बोलून आम्ही तासाची पहिली काही मिनिटे मुलांना बाकांवर बसूच द्यायचे नाही, असे ठरवले. हवामानाची चित्रे वर्गाच्या चार कोपऱ्यांत लावायची, मी प्रश्न विचारायचा आणि मुलांनी उत्तराच्या कोपऱ्याकडे धावत ते मोठ्याने म्हणायचे. धावताना कोण चुकले हे कुणाच्या लक्षातही येत नसे.

खरा रंग भरला तो मात्र कामाकुरा या बर्फाच्या सणाच्या तयारीत. योकोतेत फेब्रुवारीच्या मध्याला बर्फाच्या घुमटाकार खोल्यांत जलदेवतेची पूजा होते आणि आत बसलेली मुले येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोलावून अमाझाके हे तांदळापासून केलेले गोडसर पेय आणि भाजलेले मोची, म्हणजे चिकट तांदळाच्या वड्या, देतात. पाहायला परदेशी पाहुणेही येतात. तेव्हा पाचवीच्या वर्गात आम्ही बाके जोडून त्यांवर पांढरी चादर टाकली. खाली यजमान, बाहेर वाकून डोकावणारे पाहुणे. ‘आत या’, ‘बसा’, ‘घ्या ना’ ही वाक्ये झाल्यावर एरवी मान खाली घालून बसणारा एक मुलगा वर्गशिक्षिकांना काहीतरी पुटपुटला. त्यांनी मला सांगितले, “अमाझाके गरम आहे, सावकाश प्या, हे कसे म्हणायचे, असे तो विचारतोय.” ते वाक्य मी फळ्यावर लिहिले आणि तोंडपाठ होईपर्यंत त्या चादरीखालून कुणी हलायला तयार होईना.

चौथीत हा प्रयोग तितकासा जमला नाही. त्यांच्या वाट्याला आठवड्याला जेमतेम एक तास, आणि फ्लूमुळे वर्ग काही दिवस बंद ठेवावा लागला की तोही बुडे. त्यामुळे मार्चमध्ये वर्ष संपेपर्यंत त्यांच्यासाठी मी कोपऱ्यांचा खेळच चालू ठेवला, फक्त हवामानाच्या जागी कपडे आणि खाऊ आणले.