शोकाचा तास

आज धारवाडला एमएच्या वर्गात शोकाचा धडा झाला. सर इंग्रजीतून शिकवत होते, मधेच कन्नड, आणि मी वहीत मराठीत उतरवत होते. मानसोपचारतज्ज्ञ क्युब्लर-रॉस यांच्या शोकाच्या पाच अवस्था (१९६९), नकारापासून स्वीकारापर्यंतच्या, सगळ्यांच्या तोंडी असतात. पण त्या मुळात मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून मांडलेल्या, मागे राहिलेल्यांशी नव्हे. ऐकून बरं वाटलं. हे गेले तेव्हा गल्लीतल्या बायका विचारायच्या, "अजून रडली न्हाईस?" जणू रडण्याचा हप्ता थकला होता!

मग स्ट्रोबे आणि शुट या संशोधकांची शोकाबद्दलची १९९९ ची मांडणी. माणूस कधी दुःखाकडे वळतो, कधी कामाकडे. ही ये-जा निरोगीच. मला येळ्ळूरचं शेत आठवलं. भाताची लावणी कुणासाठी थांबत नाही. चिखलात उभी राहून मी मजुरीचा हिशेब चोख केला, आणि बांधावर डबा सोडल्यावर मात्र घास उतरेना.

फी सोसायटीच्या कर्जातून. वाचन बसमध्ये, तेही जागा मिळाली तर.

आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, "ह्या वयात कशाला गं शिक्षण?" आणि पहाटे डबा त्याच भरतात. रात्री त्यांना हा धडा सांगितला. म्हणाल्या, "माझा बी लेक गेलाय की. मला कोण इचारतंय?"

प्रकल्पाचा विषय ठरला: मुलगा गमावलेल्या सासवा. सर हो म्हणतील का, बघू.