मागची दिंडी

आमच्या वाकडच्या सोसायटीला दोन फाटकं आहेत. पुढचं पाहुण्यांना दाखवायचं: ग्रॅनाइट, पितळी अक्षरं आणि एक कारंजं, जे ताबा मिळाला त्या दिवशी शेवटचं उडालं. मागचं साधं लोखंडी, नाल्याकडच्या गल्लीत उघडणारं. त्याच्या पोटात माणूसभर उंचीची एक छोटी दिंडी.

दिंडी म्हटलं की मला सदाशिव पेठेतला आमचा वाडा आठवतो. रात्री मोठा दरवाजा लागला तरी दिंडी उघडी असायची. वाकून आत यायचं. ताठ मानेनं आलं की टेंगूळ ठरलेलं. तिकडे शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याला हत्तींनी धडका देऊ नयेत म्हणून अणकुचीदार खिळे ठोकलेत. आमच्या पुढच्या फाटकावर इडली-चटणी घेऊन आलेल्या पोराला ओटीपी विचारतात.

वाड्याचे गोडवे मात्र मी गाणार नाही. आठ बिऱ्हाडांत दोन संडास होते, सकाळच्या रांगेत कसले गोडवे! इथे मी रात्री अकराला एकटी फेऱ्या मारते, मागे वळून बघावं लागत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई रस्त्यावर पाऊल टाकायला घाबरत होत्या. आता संध्याकाळी सहाला त्यांचा बाक ठरलेला, आणि त्यावर कुणी दुसरं बसलं तर भांडणही ठरलेलं. मुलं सायकली हाणतात आणि एकही आई गॅलरीतून ओरडत नाही. हे सुख मी महिन्याच्या महिन्याला मेंटेनन्स भरून विकत घेतलंय आणि सोडणार नाही.

पण दिंडीचं काय झालं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी एक सायकल चोरीला गेली. वार्षिक सभेत ठराव आला की मागची दिंडी कायमची बंद करावी. मीही हात वर केला. पंधरवड्यात ती सायकल बी विंगच्या बेसमेंटमध्ये सापडली. ज्याची होती त्यानंच तिथे लावून विसरली होती. ठराव मात्र मंजूर झालेला. तो फिरवायचा तर पुन्हा सभा, पुन्हा कोरम. कुलूप राहिलं.

आमच्या स्वयंपाकाच्या मावशी नाल्यापलीकडे राहतात. दिंडीतून पाच मिनिटं, आता अख्खा वळसा घालून पंचवीस. हे मला महिनाभर कळलंच नाही. उलट मीच म्हटलं, "मावशी, हल्ली उशीर होतोय."

"कुलूप तुम्हीच लावलंय ना, ताई," त्या म्हणाल्या आणि कणकेत पाणी घातलं.

हडपसरला शंभरावर शेतकरी कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली. फाटक तिथेही आहे, पण ज्यांची शेतं होती तेच तिथले भागीदार झाले. आमची सोसायटी जिथे उभी आहे, तिथे मावशींच्या सासऱ्यांनी दुसऱ्याच्या शेतात ऊस तोडलाय. त्यांच्या वाट्याला जमीनही नव्हती आणि आता वाटही नाही. त्यांना आत यायला फोटो लावलेलं कार्ड लागतं, आणि ते घरी विसरलं की मला फोन.

कार्ड न दाखवता आत येणारा एकच. पिंपरी-चिंचवडला 2019 पासून एक दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे उन्हाळा लागला की आमचा जीव टँकरवर. दहा हजार लिटरचा तो धूड पुढच्या कमानीतून वळत नाही. म्हणून मे महिन्यात मागच्या फाटकाचं कुलूप निघतं, दोन्ही दारं सताड उघडतात आणि एरवी नावगाव विचारणारा वॉचमन स्वतः हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या" करतो. ड्रायव्हर कोण, गाडी कुठली, पाणी कुठल्या विहिरीचं, कुणी विचारत नाही.

या मे महिन्यात एका सकाळी सातला पाच कमी असताना बेल वाजली. दारात मावशी, पदराची कड ओली.

"आज लवकर?"

"टँकरच्या मागनं आले," त्या म्हणाल्या. "उद्याबी येणारे म्हणं."