यादीत चारच पुस्तकं, आणि चौथं दरवर्षी तेच

गुढीपाडवा झाला की आमच्या वाचनकट्ट्यावर विचारणा सुरू होते, "तुमची उन्हाळ्याची यादी झाली का?" मी सांगते, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो. "चारच? पूर्वी तर चोवीस असायची. आणि हे चौथं गेल्या वर्षीही होतं ना?" यंदा तिघींनी विचारलं. एकीच्या सुरात तर काळजी होती. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट लिहूनच टाकते.

माझं वाचन सुटलेलं नाही. मोबाइलनं वेळ खाल्ला, डोळे थकले, बँकेत काम वाढलं, यातलं कुठलंही कारण नाही. चार पुस्तकं मी चोवीसपेक्षा जास्त विचार करून निवडते. मार्चअखेर उरकली की एप्रिलचे पहिले तीन आठवडे माझे असतात. पाहुणे अजून यायचे असतात, संध्याकाळ सलग मिळते. जाड पुस्तक तेव्हाच घ्यायचं. नेमाड्यांची 'हिंदू' मी अशाच एका एप्रिलात वाचली. सहाशेच्या आसपास पानं, आडवं पडून हातात धरवत नाही, टेबलाशीच बसावं लागतं. हे आधी ठरवलं नाही तर मे उजाडतो आणि पुस्तक उशाशी तसंच राहतं. मे महिन्यात भाचरं येतात, रोज आमरसाचा घाट असतो, दुपारचा तासही तुटक मिळतो. त्या तुटक तासांसाठी इरावतीबाईंचं 'युगान्त'. एका दुपारी गांधारी, एका दुपारी कुंती. मधेच कुणी चहाला उठवलं तरी धागा सुटत नाही. द्रौपदीवरचा लेख झाला की मात्र दोन दिवस मला दुसरं काही हातात धरवत नाही, तेवढे दिवसही यादीत मोजावे लागतात. तिसरं पुस्तक एका बैठकीत संपणारं हवं. यंदा बेडेकरांचं 'रणांगण' पुन्हा वाचणार आहे. १९३९ सालचं पुस्तक, युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवर घडणारं. वर पंखा गरगरत असताना वाचायला मला ते फार आवडतं.

चौथं 'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. तुमचा खरा प्रश्न त्याबद्दलच आहे.

२०१७चा उन्हाळा. ४ मेला भिलार पुस्तकांचं गाव म्हणून सुरू झालं, कट्ट्यावर सगळे तिकडे जायचे बेत आखत होते, आणि मी चोवीस पुस्तकांची यादी जाहीर करून बसले होते. डायरीत आडव्या रेघा, शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण आणि तारीख. मे सुरू झाला तेव्हा नऊ खुणा झाल्या होत्या. मृग लागायच्या आत उरलेली पंधरा संपवायची होती.

त्याच महिन्यात आत्या आमच्याकडे राहायला आली. काचबिंदूनं तिची दृष्टी गेली होती, उजेड-अंधार तेवढा कळायचा. आमच्या घरात वाचनाची गोडी लावली ती तिनंच. लहानपणी मला नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बोटाला धरून नेणारीही तीच. पहिल्याच रात्री तिनं विचारलं, "काय वाचतेयस?" मी म्हटलं, 'स्मृतिचित्रे'. तिचा चेहरा एकदम उजळला. "अगं, आपल्या जलालपूरची लक्ष्मीबाई! मग मोठ्यानंच वाच की."

वाचलं. पहिल्या दोन रात्री मजेत गेल्या. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं ते सोवळ्याचं वेड आलं की आत्या पदर तोंडाला लावून हसायची, पुढचं वाक्य माझ्या आधी म्हणायची. पण मोठ्यानं वाचायला किती वेळ लागतो ते तिसऱ्या रात्री माझ्या लक्षात आलं. मनात वाचताना तासाला चाळीस पानं होतात, मोठ्यानं बाराही होत नाहीत. या गतीनं हे एकच पुस्तक महिना खाणार होतं. मी परिच्छेद गाळायला लागले. आधी एखादा, मग अर्धं पान, मग पानंच्या पानं. आवाज मुद्दाम सारखा ठेवायचा, पान उलटताना खोकायचं. हो, खोकायचेसुद्धा.

आत्या काही बोलली नाही. तिचं हसणं थांबलं होतं, पण मला वाटलं, झोप येत असेल.

लक्ष्मीबाईंचे पती, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले तो भाग आला त्या रात्री मी सर्वांत जास्त गाळलं. १८९५ साली टिळकांनी धर्म बदलला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. मधली ही वर्षं मी अर्ध्या तासात उरकली. पुस्तक मिटलं तेव्हा आत्या खाटेवर उठून बसली होती. हळूच म्हणाली, "तिला पाच वर्षं लागली गं. तू तिला एका रात्रीत पार नेलंस."

मी म्हटलं, "उद्या तिथून परत वाचते."

"नको. तुला घाई आहे. मला तेवढं पाठ आहे."

तिनं पुन्हा कधीच वाचायला सांगितलं नाही. उरलेले दिवस ती रेडिओ ऐकत बसायची. आणि मी काय केलं? उरलेली पानं मनात वाचून संपवली आणि डायरीत खूण केली. 'स्मृतिचित्रे', १४ मे. ती डायरी अजून आहे. त्या उन्हाळ्यात माझी एकवीस पुस्तकं झाली आणि कट्ट्यावर तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते. म्हणते, चोवीस लिहिली म्हणून एकवीस झाली, तू चार लिहितेस आणि गेल्या वर्षी दोनच झाली. आकड्याचा धाक नसता तर 'हिंदू' तुझ्याच्यानं पुरी झाली असती? तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. त्या एकवीसमधल्या सहा-सात पुस्तकांनी मला खरोखरच काही दिलं. आत्याला मी फसवलं ते यादीमुळे, की मी मुळात तशीच आहे म्हणून, हेही मला सांगता येत नाही. यादीवर ढकललं तर माझी सुटका होते, म्हणून ते म्हणायला जीभ रेटत नाही.

आत्या आता सांगलीला माझ्या आतेभावाकडे असते. कानानंही कमी ऐकू येतं. चार वर्षांपूर्वी मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. उन्हाळ्यात रोज दुपारी खोलीचं दार लावून, पंखा बंद करून अर्धा तास मोठ्यानं वाचते, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करते आणि भावाला पाठवते. एक ओळ गाळत नाही. अडखळले तर वाक्य पुन्हा घेते. भाऊ अंगठा पाठवतो. "ऐकते का रे?" असं विचारलं की म्हणतो, लावून ठेवतो तिच्या कानाशी. तिला किती ऐकू येतं, माझा आवाज तिला ओळखता येतो का, हे त्यालाही सांगता येत नाही. फोनवर ती त्याबद्दल बोलत नाही आणि मी विचारत नाही.

पाहुण्यांच्या गडबडीत खाडे होतात. पहिला पाऊस आला की माझा उन्हाळा संपतो आणि पुस्तक अर्ध्यात कुठेतरी थांबतं. म्हणून ते पुढच्या वर्षीच्या यादीत येतं. त्याच्यासमोर अजून खूण केलेली नाही.

यंदा टिळक ख्रिस्ती होतात तिथवर आले आहे. परवा दुपारपासून वाचायला बसेन.