डोक्यावर रेघ असलेले शब्द

शाळेने मला काय दिलं, याचं माझ्याकडे अगदी रोकडं उत्तर आहे: लांबलचक इंग्रजी शब्द समोर आला तरी न बिचकण्याची सवय. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे ती रोज खर्ची पडते.

शाळा मराठी माध्यमाची. पुढे विज्ञान इंग्रजीतून शिकताना मुलं विषयाआधी शब्दांनाच घाबरतात, हे आमच्या शास्त्राच्या बाई ओळखून होत्या. नववीपासून त्या प्रत्येक धड्यातले इंग्रजी शब्द फळ्याच्या कडेला लिहीत. खाली देवनागरीत तोडून उच्चार, आणि ज्या अक्षरावर जोर द्यायचा त्याच्या डोक्यावर लाल खडूने उभी रेघ. वहीत उतरवताना रेघ मारायची राहिली तर वही परत यायची.

मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्याच जोराने म्हणतो. इंग्रजीत एक ठासून म्हणतात आणि बाकीची अर्धी गिळतात. बरं, तो जोरही एका जागी बसत नाही. 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफी'त दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. बाईंचा ठोकताळा असा, की शेवटी 'इक' किंवा 'शन' असेल तर त्याच्या लगेच आधी रेघ. 'लॉजी', 'ग्राफी', 'मेट्री' असेल तर शेवटून तिसऱ्या अक्षरावर. अपवाद निघतात, पण अनोळखी शब्दाला हात घालायला एवढं पुरतं. प्रयोगशाळेतल्या मायक्रोमीटरचं तर फारच गमतीचं. 'क्रॉ'वर जोर दिला तर ते जाडी मोजायचं उपकरण, 'माय'वर दिला तर मीटरचा 10 लाखावा भाग.

मुक्या अक्षरांवर मात्र आम्ही वाद घालायचो. 'सायकॉलॉजी'तला, 'न्यूमोनिया'तला पी उच्चारायचा नाही, तर लिहायचा कशाला? बाई म्हणाल्या, "ग्रीक लोक उच्चारायचे. इंग्रजांना शब्दाच्या सुरुवातीला ते जमत नाही, एवढंच. मधे आलं की बघा कसं बोलतं." आणि त्यांनी फळ्यावर 'टेरोडॅक्टिल' या डायनोसॉरच्या काळातल्या उडत्या प्राण्याच्या नावाशेजारी 'हेलिकॉप्टर' लिहिलं. दोन्हीत पंख या अर्थाचा तोच 'प्टेर'; एकात पी गप्प, दुसऱ्यात खणखणीत. म्हणजे हेलिकॉप्टर तोडायचं ते 'हेलिको' आणि 'प्टर' असं: मळसूत्री पंख. स्मरणाशी नातं असलेल्या 'निमॉनिक'मध्ये सुरुवातीचा एम मुका, 'अ‍ॅम्नेशिया'त, म्हणजे स्मृतिभ्रंशात, बोलका. 'गुप्त' आणि 'निम्न' म्हणणाऱ्या आमच्या तोंडांना यात काहीच अवघड नव्हतं.

तोडलेल्या तुकड्यांत कधी घरचंच माणूस भेटायचं. 'हायड्रोजन'मधला 'जन' आणि संस्कृतातला 'जन्' एकाच कुळातले. 'डायग्नोसिस'मधला 'ग्नो' आणि आपल्या 'ज्ञान'मधला 'ज्ञा' हेही. पण फोड केली की अर्थ हाती लागलाच, असं बाई मानू देत नसत. ऑक्सिजन म्हणजे आम्ल जन्माला घालणारा. 18व्या शतकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने हे नाव दिलं, कारण प्रत्येक आम्लात हा वायू असणारच अशी त्याची समजूत होती. 1810 साली इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने क्लोरिनमध्ये ऑक्सिजन नसून ते मूलद्रव्यच असल्याचं दाखवलं आणि हायड्रोजन व क्लोरिन मिळून झालेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसल्याचं स्पष्ट झालं. नाव तेच राहिलं. मला विचाराल तर 'प्राणवायू' हे नाव कितीतरी प्रामाणिक.

आज या सगळ्याची खरी कसोटी डॉक्टरांना रिपोर्ट फोनवर सांगताना लागते. 'हायपरग्लायसेमिया' म्हणजे रक्तात साखर जास्त, 'हायपोग्लायसेमिया' म्हणजे कमी. घाईत 'पर' आणि 'पो' यांत फरक करता आला नाही तर उपचार उलटे व्हायचे. म्हणून आम्ही आकडाही सांगतो, तो समोरच्याकडून परत वदवून घेतो, आणि 'कमी' की 'जास्त' हे साध्या शब्दांतही म्हणतो. नव्या मुलींना हे शिकवताना मी कागदावर आपोआप लाल रेघ मारते; त्या माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघतात.

एका जोडीपुढे मात्र बाईंची रेघही चालत नाही. 'इलियम' हे कमरेचं हाड आणि लहान आतड्याचा शेवटचा भागही 'इलियम'. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, उच्चार अगदी एक. त्यात अस्थिमज्जेचा नमुना बहुधा त्या हाडातून घेतात आणि आतड्याच्या त्या भागाची बायोप्सीही आमच्याकडेच येते. तेव्हा फोन आला की आम्ही सरळ मराठीत विचारतो, "डॉक्टर, हाड की आतडं?"