काठवटीत कांडलेला फुफू

घानामध्ये उकडलेला कसावा हा कंद आणि कच्ची केळी एकत्र कांडून जो मऊ, चिवट गोळा करतात, तो फुफू. तो रश्श्यासोबत खातात आणि त्यात मीठसुद्धा घालत नाहीत, कारण चव देण्याचे काम रश्श्याचे असते. नायजेरियातील योरुबा लोक असाच गोळा पांढऱ्या याम या कंदाचा करतात व त्याला इयान म्हणतात. तिथे फुफू या नावाने मिळतो तो बहुधा आंबवलेल्या कसाव्याचा असतो. मी विट्यात करते तो घानाच्या पद्धतीचा, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. आमच्या खानापूर तालुक्यातील गलाई (सोने-चांदी गाळण्याचे काम करणारे) व्यावसायिक देशभर पसरलेले आहेत, त्यांपैकी आमचे धाकटे दीर केरळात असतात, आणि सणाला गावी येताना ते कप्पा व नेंद्रनची कच्ची केळी घेऊन येतात.

कप्पा म्हणजे कसावाच. मूळचा दक्षिण अमेरिकेचा हा कंद पोर्तुगीजांनी १६व्या शतकात आफ्रिकेत नेला. आपल्या उपवासाचा साबुदाणाही त्याच्याच स्टार्चपासून, मुख्यतः तामिळनाडूतील सेलम भागात तयार होतो, त्यामुळे हा कंद परका मानण्याचे आपल्याला फारसे कारण नाही. मात्र तो काढल्यानंतर दोन-तीन दिवसांतच आतून काळपट पडू लागतो, म्हणून प्रवासातून आलेला कप्पा दुसऱ्या कामासाठी ताटकळत ठेवू नये. त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. तो कच्चा कधीही खायचा नाही, साल जाड काढायची, भरपूर पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायचा आणि ते पाणी ओतून टाकायचे. मधली दोऱ्यासारखी शीरही काढावी लागते, नाहीतर गोळ्यात तंतू राहतात.

खरे कौशल्य कांडण्यात आहे. शिजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात. कांडताना कंदाच्या पेशी फुटतात, आतला स्टार्च मोकळा होऊन एकमेकांत गुंततो आणि त्यातून तो चिवटपणा येतो, जो केवळ कुस्करून कधीच येत नाही. अंगणातले आपले दगडी उखळ यासाठी सोयीचे नाही, कारण ते धान्यासाठी घडवलेले, अरुंद आणि खोल असते, तर घानातील लाकडी उखळ रुंद व उथळ असते. कारण उघड आहे: तिथे एक जण उभ्याने लांब मुसळ घालतो आणि दुसरी व्यक्ती बाजूला बसून, दोन घावांच्या मधल्या क्षणात, ओल्या हाताने गोळा उलटत राहते. मी म्हणून सासूबाईंची भाकरीची जाड काठवट पोत्यावर ठेवते आणि मुसळाचे लोखंडी कडे नसलेले टोक वापरते. मुसळ यजमानांकडे, गोळा माझ्याकडे. माझ्या मते यातले अवघड काम गोळा उलटणाऱ्याचे आहे, कारण पाणी किती लावायचे आणि गुठळी कुठे राहिली आहे हे फक्त त्याच्या बोटांना कळते, शिवाय बोटे वाचवायची असतात ती वेगळीच. (यजमानांचे मत अर्थातच निराळे आहे.) आधी केळी कांडून बाजूला काढायची, मग कसावा, आणि शेवटी दोन्ही एकत्र, सगळे गरम असतानाच, कारण निवलेल्या कंदाच्या गुठळ्या काही केल्या मोडत नाहीत. मिक्सरमध्ये शिजलेले तुकडे फिरवले तर पातळ, बुळबुळीत खळ होते. घानातही आता कच्चे तुकडे मिक्सरमध्ये वाटून ते मिश्रण आचेवर घोटतात, पण मला कांडलेला गोळाच अधिक पसंत आहे.

सोबत शेंगदाण्याचा रस्सा हवा. घानातही भाजलेल्या शेंगदाण्याची मऊ पेस्ट, टोमॅटो, कांदा, आले, मिरची आणि कोंबडी घालून तो तेल वर येईपर्यंत उकळतात, आणि आमच्या भागात दाण्याच्या आमटीवर वाढलेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

उजव्या हाताने लहान घास तोडायचा, अंगठ्याने त्यात खळगा पाडून रस्सा घ्यायचा आणि न चावता गिळायचा. दक्षिण कर्नाटकातील नाचणीचे मुद्दे (शिजवलेल्या पिठाचे गोळे) असेच खातात, परंतु भाकरी चावण्याची सवय असलेल्यांना ते सहज जमत नाही. आमच्या घरची मुले अजून चावतातच. गोळा निवला की घट्ट व रबरी होतो, म्हणून पाने मांडल्यावरच शेवटचे कांडण करावे आणि तेवढ्या जेवणापुरताच करावा.